पळायचं की सायकल

दादाला काहीही विचारा, तो ‘चालेल’ म्हणतो. भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी चालेल, दोनदा पडलं तरी चालेल. जिन्यातला दिवा आठवडाभर बंद होता, शेजारचे तणतणत होते, दादा अंधारात पायऱ्या चढत होता आणि विचारलं तर चालेल म्हणत होता. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते आणि पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. दिवसभर लोक माझ्याशी अर्ध्या इंचावरून हुज्जत घालतात. त्यामुळे हुज्जत न घालणाऱ्या माणसाचा मला किती संताप येतो, ते मलाच ठाऊक.

आधी हा असा नव्हता. खिडकीच्या पडद्याच्या रंगावरून त्याने वहिनीशी आठवडाभर वाद घातला होता. पँटचा काठ मी तीनदा उसवून शिवला तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. वहिनी गेली त्याला दोन हिवाळे झाले, आणि तेव्हापासून घरात हा एकच शब्द उरला. तो रडला नाही, दारू प्यायला नाही, आजारी पडला नाही. चौथ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. मीही म्हटलं असेन.

दादा गोदीत क्रेन चालवतो, गेली सव्वीस वर्षं. एकशे बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून वर जायचं, तिथे एक काचेची खोली, खोलीत एक खुर्ची. पायाखालची जमीनसुद्धा काचेची, कारण खाली बघूनच काम करायचं असतं. बोटीतून पेट्या उचलायच्या, ट्रकवर ठेवायच्या. सकाळी चढला की दुपारी जेवायला उतरतो, परत चढतो. वर कुणी येत नाही, कुणी काही विचारत नाही. मला वाटतं, त्या दोन वर्षांत तो खऱ्या अर्थाने राहत होता तो तिथे. घरी नुसता झोपायला यायचा.

क्रेनवाल्यांना दरवर्षी डॉक्टरीणबाईंसमोर परीक्षा द्यावी लागते. एक फूटभर उंचीचं लाकडी खोकं असतं. बाजूला एक यंत्र टक टक करतं, त्या ठोक्यावर पाच मिनिटं खोक्यावर चढायचं आणि उतरायचं. मग खाली बसायचं, आणि मिनिटभरात नाडी किती खाली येते ते बघतात. पानं गळायच्या दिवसांत दादाची परीक्षा झाली तेव्हा त्याची नाडी खाली यायलाच तयार नव्हती. घरच्या माणसाची सही लागते म्हणून मी सोबत गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, आजार नाही, हृदयाची मेहनतीची सवय गेली आहे. काठावर पास करते. थंडी संपताना परत बघू, आणि तेव्हा जमलं नाही तर शिडी बंद, खाली फाटकावरच्या खिडकीत बसून आत येणाऱ्यांचे पास तपासायचे.

मग त्यांनी उपाय सांगितला. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा-पाऊण तास, श्वास वाढेल असं काहीतरी करायचं. थंडी आहे म्हणून सोडायचं नाही. पळा, नाहीतर सायकल चालवा. दोन्हीतलं चांगलं कोणतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जे रोज होईल ते चांगलं, यांना काय आवडेल ते यांनीच ठरवावं.

दादा म्हणाला, ‘‘चालेल.’’

त्यांनी विचारलं, ‘‘कोणतं?’’

‘‘दोन्ही चालेल.’’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आता एक गोष्ट आधीच कबूल करते. त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आलं होतं की हा नापास झालेला बरा. ज्याला मीठ कळत नाही त्याला वीस टनांची पेटी हवेत नीट कळत असेल का? खाली माणसं काम करतात. आणि शिडी चढताना त्याचा एखादा हात सुटला, तर त्यालाही तो चालेलच म्हणेल की काय, अशी मला भीती होती. ही भीती मी कुणाला सांगितली नाही. वरवर मी त्याला पास करायच्या मागे लागले.

पुढचे आठ दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत सभा भरत होती. एका बाजूला आमचे हे. यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि चष्म्याखेरीज सगळ्या विषयांवर यांना मतं आहेत. यांचं म्हणणं, सायकलच. चोपन्नाव्या वर्षी, नव्वद किलो वजनाला पळवलं तर गुडघ्यांचा भुगा होईल, सायकलवर वजन सीट उचलते. दुसऱ्या बाजूला शिट्टी. हा दादाचा खालचा माणूस, म्हणजे जमिनीवर उभा राहून हातांच्या खुणांनी क्रेनवाल्याला उचल, वळव, ठेव असं सांगणारा. पूर्वी तो तोंडात शिट्टी धरून काम करायचा, शिट्टी गेली आणि नाव राहिलं. त्याचं म्हणणं, थंडीत सायकल म्हणजे स्वतःच्या हौसेने वारा विकत घेणं. कान बधिर, हँडलवर बोटं लाकडं, आणि नाडी वाढवायला तासभर फिरा. पळणारा पाच मिनिटांत गरम होतो, वीस मिनिटांत काम तमाम. यांनी विचारलं, रस्त्यावर दव गोठलेलं असतं तिथे पाय घसरला तर? शिट्टीने विचारलं, आणि चाक घसरत नाही वाटतं? हे म्हणाले, घरात उभी करून चालवायची सायकल मिळते. शिट्टी म्हणाला, भिंतीकडे तोंड करून बसायचं असेल तर फाटकावरची खिडकी काय वाईट आहे. दोघंही तावातावाने बोलत होते आणि ज्याच्यासाठी बोलत होते तो खुर्चीच्या हातावरचा एक धागा गुंडाळत बसला होता.

शेवटी मीच वैतागून विचारलं, पळायचं की सायकल, दादा, एक काहीतरी बोल. तो म्हणाला, ‘‘तू ठरव चिंगे.’’

मग मी ठरवलं, पळायचं. कारण अगदीच साधं होतं. यांची सायकल तळघरात नऊ वर्षं पडून होती, तिची साखळी गंजून काडी झाली होती आणि ती दुरुस्त करून आणायचा मला कंटाळा आला. लोकांच्या आयुष्यातले निर्णय असेच होत असणार.

दादाला एकटा सोडला तर तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहील, म्हणून शिट्टीला सोबत दिलं. आणि शिट्टी, पळण्याचा एवढा मोठा वकील, स्वतः सायकलवर बसून आला. म्हणाला, माझा गुडघा जरा नाजूक आहे. आमचे हे त्यावर चार दिवस खूश होते.

रोज सकाळी उजाडताना दोघं कालव्याच्या रस्त्याने जायचे. दादा पळायचा, शिट्टी शेजारून सायकल हाकत हाताने खुणा करायचा. तळहात खाली, सावकाश. हात गोल, वेग वाढव. हात पुढे, चालू राहू दे. बोलायची गरज नव्हती, सव्वीस वर्षांची सवय. मी एकदा खिडकीतून बघितलं, तर दादाची नजर रस्त्यावर नव्हतीच, त्या हातावर होती. क्रेनचा नियम तसाच आहे, तो मला, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा, दादानेच सांगितला होता. वर बसलेल्याने खालच्या दहा माणसांपैकी एकाच्याच हाताकडे बघायचं, बाकी कुणी काही दाखवलं तरी ऐकायचं नाही. फक्त थांबण्याची खूण कुणीही करू शकतो. साहेबाने केली, झाडूवाल्याने केली, रस्त्यावरच्या परक्याने केली, तरी दोन्ही हात आडवे पसरलेले दिसले की हातातलं जिथल्या तिथे थांबवायचं.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन दोन किलो उतरलं. वहीत रोजची नाडी मी लिहीत होते, ती हळूहळू सुधारत होती. कसं वाटतंय, असं विचारलं तर तो विचार करायचा आणि म्हणायचा, काही नाही. बरं नाही, वाईट नाही, काही नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे जास्त वाईट होतं.

चौथ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, तो परत आलाच नाही. शिट्टी एकटा आला, हात काळे, चेहरा उतरलेला. कालव्याच्या पहिल्या पुलाआधी त्याच्या सायकलची साखळी निघाली होती. तो खाली उतरून ती बसवत होता, दादा पुढे गेला. पुलावरून वळून येईल, असं शिट्टी धरून चालला होता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. फोन दादाने नेहमीप्रमाणे घरीच ठेवला होता.

मी यांना गाडी काढायला लावली. रस्ता कालव्याला लागून सरळ जातो, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, त्यावर पांढरं दव. मी गाडीतून पाण्याकडे बघत होते. पाण्याकडेच का, ते यांनी विचारलं नाही, आणि गाडी हळू केली. पहिला पूल गेला, दुसरा गेला. पाण्याच्या टाकीच्याही पुढे, घरापासून अकरा किलोमीटरवर, आम्हाला तो दिसला. पाठमोरा, त्याच वेगात, हात कोपरात वाकवलेले, पळत चालला होता.

मी हाक मारली, त्याने ऐकली नाही. आम्ही गाडी त्याच्या पुढे नेऊन थांबवली, मी खाली उतरले, रस्त्याच्या मध्ये उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. तो तिथल्या तिथे थांबला. एक पाऊलही जास्त टाकलं नाही.

‘‘शिट्टीने थांब म्हटलं नव्हतं,’’ तो म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला माझ्या शिलाईच्या खुर्चीत बसवलं आणि बूट काढले. मोजे निघेनात. टाचांपासून बोटांपर्यंत कातडी सोलली होती, रक्त वाळून मोजा तिला चिकटला होता. मी घमेल्यात कोमट पाणी आणलं, पाय त्यात ठेवले आणि कात्रीने मोजे कापायला घेतले. तोंडाचा पट्टा चालूच होता. अक्कल गहाण टाकलीस का, माणूस आहेस की यंत्र, आम्ही मेलो काय इथे, असं जे सुचेल ते.

‘‘दुखत नव्हतं का?’’ मी शेवटी विचारलं.

‘‘कळलं नाही.’’

‘‘पाय फाटलेत तुझे. कळत कसं नाही?’’

तो पाण्याकडे बघत होता. पाणी गुलाबी झालं होतं. मग त्याने सांगितलं, अगदी हवा कशी आहे ते सांगावं तशा आवाजात.

‘‘तिचं मशीन मी थांबवायला सांगितलं.’’

वहिनी नऊ दिवस हॉस्पिटलात होती, श्वासाचं मशीन लावलेलं. दहाव्या दिवशी सकाळी गेली. आम्हाला सगळ्यांना एवढंच माहीत होतं की डॉक्टरांनी प्रयत्न केले आणि ती गेली. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होते.

‘‘मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं मला,’’ दादा म्हणाला. ‘‘म्हणाले, आता ती परत येणार नाही. मशीन चालू ठेवता येईल, बंद करता येईल. तुम्ही सांगा. मी म्हटलं, थांबवा.’’

मी कात्री खाली ठेवली.

‘‘क्रेनवर थांब म्हटलं की थांबतं, चिंगे. पण मग परत सुरू होतं. आता कुणी काही विचारलं, अगदी मीठ घालू का असं विचारलं, तरी मला वाटतं परत तसलंच काहीतरी विचारतायत.’’

अशा वेळी शहाणी माणसं काहीतरी बोलतात. मी म्हटलं, ‘‘पाय हलवू नकोस.’’ मला रडूही आलं नाही. आला तो राग, की मी चार पावलांवर बाकावर बसलेली असताना या माणसाने मला विचारलं नाही. पट्टी बांधून होईपर्यंत तो राग टिकला. मग लक्षात आलं की विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? दादा, तू ठरव, असंच म्हटलं असतं मी. आणि ते ऐकायला नको म्हणूनच त्याने विचारलं नसेल.

लेकीला सांगितलंस का, एवढं मी नंतर विचारलं. माझी भाची लांब राहते, रविवारी फोन करते. तो म्हणाला, सांगेन. अजून सांगितलेलं नाही. मीही परत काढलं नाही.

पंधरा दिवस पळणं बंद. कामावर तो चप्पल घालून गेला, शिडी चढला कसा ते मी विचारलं नाही. शिट्टी रोज येऊन दारात उभा राहायचा आणि माझ्याकडून बोलणी खाऊन जायचा. त्याला ती खायचीच होती.

पायांच्या जखमा भरल्या तेव्हा मी दादाला परत माझ्या खोलीत बसवलं. एका बाईंचा हिवाळी कोट आला होता, त्याचं अस्तर बदलायचं होतं. मी सुई ओवली आणि म्हटलं, पळायचं की सायकल. आज मी ठरवणार नाही, हे ठरवणार नाहीत, शिट्टी ठरवणार नाही. चालेल म्हणायचं नाही. मला घाई नाही, कोट मोठा आहे.

तो बसून राहिला. पूर्ण डावी बाजू शिवून झाली. मला चारदा बोलायचं होतं, चारही वेळा मी दोरा दातात धरला. उजव्या बाजूच्या खिशापाशी आले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सायकल.’’

‘‘का?’’

‘‘ब्रेक माझ्या हातात असतो.’’

आमच्या यांचा विजय झाला आणि त्यांनी तो शोभेल तसा साजरा केला, म्हणजे स्वतःच्या खर्चाने साखळी बदलून आणली. मी जाकिटाला आतून जाड कापड लावलं, हातमोज्यांवर वारा आत येऊ नये म्हणून पट्ट्या शिवल्या. छातीवर वर्तमानपत्राची घडी घाल, असं शिट्टीने सुचवलं, आणि ते खरंच उपयोगी पडलं. शिट्टी सोबत यायला निघाला होता. दादा म्हणाला, नको, मी जाईन. रस्त्यावर जिथे गोठलेलं असेल तिथे तो उतरून सायकल हातात धरून चालायचा. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. कुठवर गेलास, असं विचारलं की सांगायचा, आज टाकीपर्यंत, आज पुलावरूनच परत आलो, वारा होता. कसं वाटतंय, याचं उत्तर मात्र तेच. काही नाही.

परीक्षेच्या दिवशी थंडी जरा कमी झाली होती. तेच खोकं, तीच टक टक. मी खुर्चीत बसले होते आणि यावेळी मला तो पास व्हायला हवा होता. कधी असं वाटायला लागलं ते सांगता येत नाही. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. पाय ठोक्यावर पडत होते, चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं. चौथं मिनिट संपलं आणि डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, छान, शेवटचं मिनिट.

दादा खोक्यावरून खाली उतरला आणि परत चढला नाही.

‘‘दमलो,’’ तो म्हणाला. ‘‘थांबतो.’’

यंत्र टक टक करत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवलं, छाती तपासली, नाडी घेतली. नाडी भराभर खाली आली, मागच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही सहज पास होत होता, एकच मिनिट होतं. पण पाच मिनिटं पूर्ण झाली नाहीत तर मला सही करता येत नाही, नियम आहे. तीन महिन्यांनी परत या, तोवर शिडी बंद. त्यांनी कागदावर तसं लिहिलं, आणि मी त्याखाली घरच्या माणसाची सही केली.

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. तिथून गोदीतल्या क्रेन दिसतात. दादाची डावीकडून तिसरी. आज त्याच्या खुर्चीत दुसरा कुणीतरी होता, आणि क्रेनची पेटी हवेत जरा जास्तच झुलत होती.

‘‘एक मिनिट काढता आलं नसतं का रे?’’ मी विचारलं. रागाने नाही.

‘‘आलं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘पण दमलो होतो.’’

अकरा किलोमीटर पळून, पायांचं कातडं सोलून घेऊन, हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. दोन वर्षांत आला नव्हता. मी बसच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले, कारण बोलले असते तर बसस्टॉपवर शोभा झाली असती. बस आली, थांबली, आमच्याकडे बघून निघून गेली.

तो त्या झुलणाऱ्या पेटीकडे बघत होता. ती ट्रकवर टेकेपर्यंत बघत राहिला.

‘‘चिंगे,’’ तो म्हणाला, ‘‘मला परत वर जायचंय.’’